सिगारसाठी घरच्या घरी ह्युमिडॉर: आधी डबा, मग लाकडी पेटी

सिगारची तब्येत कळायला ती पेटवावी लागत नाही. अंगठा आणि तर्जनीत धरून मधोमध अलगद दाबा. नीट ठेवलेली सिगार थोडी दबते आणि बोट सैल केलं की परत फुगते. वाळलेली दबतच नाही. आतली पानं करकरतात आणि वरचं पान, ज्याला रॅपर म्हणतात, उभं तडकतं. ओलावा जास्त प्यायलेली सिगार मऊ पडते आणि दबलेली तशीच राहते. वाळलेली पेटवली तर झरझर जळते, धूर गरम आणि तिखट लागतो. ओली धड ओढली जात नाही, सारखी विझते, आणि फुगून तिचा रॅपर फाटतो. या दोन टोकांच्या मधे एक अरुंद पट्टी आहे. सिगारला त्या पट्टीत महिनोन्महिने, जमलं तर वर्षानुवर्षं धरून ठेवायचं, हे ह्युमिडॉरचं काम.

माझ्या पहिल्या पेटीत मी स्पंजाचा तुकडा नळाच्या पाण्यात भिजवून ठेवला होता. सिगार सुकू नयेत म्हणून दर दोन दिवसांनी तो पुन्हा ओला करत होतो. तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तेव्हा कुबट वास आला, आणि अकरा सिगारवर हिरवट-पांढरी लव चढलेली होती. सगळ्या टाकून द्याव्या लागल्या. नवख्यांच्या हातून सिगार वाळण्यापेक्षा भिजून जास्त वाया जातात, हे मी नंतर अनेकांच्या बाबतीत पाहिलं. म्हणून या लेखात पाणी घालण्याबद्दल कमी आणि पाणी धरून ठेवण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

पेटीतलं पाणी असतं कुठे

करवत हातात घेण्याआधी हा भाग वाचा. हा समजला की पुढचं निम्मं आपोआप समजतं.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावू शकते, त्याच्या किती टक्के प्रत्यक्षात आहे ते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत १७ ग्रॅमच्या थोडं वर पाणी मावतं. ७० टक्के म्हणजे त्यातलं साधारण १२ ग्रॅम. आता पाच लिटरची पेटी घ्या. तिच्यातल्या हवेत ०.०६ ग्रॅम पाणी असेल. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब साधारण ०.०५ ग्रॅमचा असतो. म्हणजे भरलेल्या पेटीतल्या सगळ्या हवेत मिळून एका थेंबाच्या आसपास पाणी! तुम्ही झाकण उघडलं की तो थेंब बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येते.

मग पेटी टिकते कशाच्या जोरावर? लाकडाच्या आणि तंबाखूच्या. त्याच पाच लिटरच्या पेटीला आतून सहा मिलिमीटर जाडीचं लाकूड लावलं, तर कोरड्या स्थितीतून ७० टक्क्यांवर येईपर्यंत ते लाकूड वीस-पंचवीस ग्रॅम पाणी पितं. एका थेंबासमोर वीस ग्रॅम. झाकण उघडल्यावर गेलेला थेंब हे लाकूड थोड्याच वेळात भरून काढतं आणि त्याला ते जाणवतही नाही. पण लाकूडच तहानलेलं असेल, तर ते पाणी सिगारमधून ओढून घेतं. नवी कोरी, न मुरवलेली पेटी सिगार वाळवते ती यामुळे.

दुसरी गोष्ट तापमानाची. हवा गार झाली की तिच्यात कमी पाणी मावतं. रिकाम्या बंद डब्यात २१ अंशांना ७० टक्के आर्द्रता असेल आणि डबा १६ अंशांवर आला, तर तेवढ्याच पाण्यात आकडा ९४च्या घरात जातो. उलट २६ अंशांवर गेला तर ५३च्या आसपास उतरतो. पाणी ना वाढलं ना कमी झालं. भरलेल्या पेटीत लाकूड आणि तंबाखू हा धक्का बराचसा सोसून घेतात, पण दिवसातून दोनदा तापणारी-गारठणारी जागा कुठलीच पेटी सांभाळू शकत नाही. म्हणून खिडकीत, शेगडीजवळ, टीव्हीच्या किंवा संगणकाच्या वर पेटी ठेवू नका. कपाटाचा खालचा कप्पा उत्तम.

किती टक्के ठेवायचं यावर जाणकारांमध्ये एकमत नाही. ‘७०-७०’ हा जुना नियम तुमच्या कानावर येईल: ७० टक्के आर्द्रता आणि ७० अंश तापमान. हे दुसरे ७० फॅरनहाइटचे, म्हणजे २१ सेल्सिअस. हा आकडा सुरक्षित आहे, पण मला स्वतःला ६५ ते ६८ टक्के जास्त पटतं. सिगार सरळ जळते, ओढायला हलकी लागते आणि बुरशीपासून आणखी थोडं अंतर राहतं. ७५च्या वर बुरशीचा धोका खरोखर सुरू होतो. ६०च्या खाली फार दिवस राहिलेली सिगार सुगंधी तेलं गमावते, आणि ती नंतर ओलावा देऊन परत येत नाहीत.

मीठ वापरून हायग्रोमीटर तपासा

पेटी नंतर, आधी हायग्रोमीटर. आर्द्रता मोजायचं यंत्रच खोटं बोलत असेल तर पुढचं सगळं वाया. काट्याचा गोल हायग्रोमीटर पेटीच्या झाकणावर दिसायला देखणा असतो, पण नवा असतानाही दहा-दहा टक्के चुकलेला मी पाहिला आहे. छोटा डिजिटल घ्या, आणि तोही तपासल्याशिवाय वापरू नका.

तपासायला साधं खायचं मीठ पुरतं. मीठ पूर्ण विरघळणार नाही इतकंच थोडं पाणी त्यात घालून ते एका बंद जागेत ठेवलं, तर तिथली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मिठाचा हा गुणधर्म आहे, आणि घरातल्या सामान्य तापमानात तो आकडा जवळजवळ हलत नाही.

बाटलीचं एक बूच घ्या. त्यात चमचाभर मीठ भरा आणि ड्रॉपरने पाणी टाकत जा. ओल्या वाळूसारखा दाट लगदा झाला की थांबा. वर पाण्याचा थर तरंगत असेल तर जास्त झालं. टिश्यू पेपरने टिपून घ्या. हे बूच आणि हायग्रोमीटर झिप असलेल्या जाड पिशवीत ठेवा, बूच सांडू देऊ नका, पिशवीत थोडी हवा राहू द्या आणि बंद करा. जिथे तापमान बदलत नाही अशा जागी चोवीस तास तशीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी पिशवी न उघडता बाहेरूनच आकडा वाचा. ७५ आला तर छान. ७१ आला तर तुमचं यंत्र चार टक्के कमी दाखवतं. एका चिठ्ठीवर ‘+४’ लिहून मागे चिकटवा. काही यंत्रांना मागे स्क्रू किंवा बटण असतं, त्याने आकडा जुळवून घेता येतो. दर सहा महिन्यांनी हीच परीक्षा पुन्हा घ्या, कारण सेन्सर हळूहळू सरकतो.

पहिला ह्युमिडॉर: प्लास्टिकचा डबा

लाकडी पेटी सुंदर असते आणि तीच करायची म्हणून तुम्ही हे वाचायला घेतलं असेल. तरीही सुरुवात डब्याने करा, असं मी आग्रहाने सांगेन. वीस मिनिटांत तयार होतो, पेटीपेक्षा घट्ट बंद होतो, आणि सिगारच्या सवयी त्यात शिकता येतात.

अन्नासाठी वापरतात तसा, झाकणाला रबरी किंवा सिलिकॉनची कड असलेला आणि चारही बाजूंनी खटके लागणारा डबा घ्या. त्यात आधी काही ठेवलेलं नसावं. मसाल्याचा वास प्लास्टिक सोडत नाही आणि तंबाखू तो ओढून घेतो. वास नसलेल्या साबणाने धुऊन, पूर्ण कोरडा करून, दोन दिवस बंद ठेवा. मग उघडल्या उघडल्या नाक आत घाला. प्लास्टिकचा वास आला तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रात्रभर भरून ठेवा आणि पुन्हा तपासा. तरीही वास राहिला तर डबा बदला.

आता ओलावा. यासाठी दुतर्फा पाकिटं वापरा. बोवेदा हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. या पाकिटात मिठाचं घट्ट द्रावण असतं आणि बाहेरचा पापुद्रा फक्त वाफ जाऊ-येऊ देतो. हवा कोरडी असली तर पाकीट वाफ सोडतं, दमट असली तर ओढून घेतं. मघाशी बुचातल्या मिठाने जे केलं तेच, फक्त वेगळे क्षार वापरून आकडा हवा तिथे बसवलेला असतो. पाकिटावर ६२, ६५, ६९, ७२ असे आकडे असतात. घट्ट डब्यासाठी ६५चं घ्या. साठ ग्रॅमचं एक पाकीट पंचवीस सिगारना पुरतं. एकाच डब्यात वेगवेगळ्या आकड्यांची पाकिटं टाकू नका. ती एकमेकांशीच झगडत बसतात आणि लवकर संपतात. पाकीट बोटांना मऊ लागतं तोवर ते जिवंत आहे. पूर्ण कडक, बिस्किटासारखं झालं की बदला.

प्लास्टिक स्वतः पाणी पीत नाही, त्यामुळे डब्यात धक्का सोसायला फक्त सिगारच असतात. म्हणून अर्धा रिकामा डबा ठेवण्यापेक्षा लहान डबा घेऊन तो बराचसा भरलेला ठेवणं बरं. तळाशी स्पॅनिश सिडारची, म्हणजे सिगारच्या पेट्यांना आतून लावतात त्या लाकडाची, एखादी पातळ फळी टाका, ती थोडी मदत करते आणि सुगंधही देते. हायग्रोमीटर सिगारच्या उंचीवर ठेवा, पाकिटाला चिकटवून नको. आठवड्यातून एकदा झाकण काढून मिनिटभर हवा खेळू द्या. तंबाखू पेटीत असतानाही मुरत असतो आणि त्याचे वायू, त्यात थोडा अमोनियासुद्धा, बाहेर पडायला वाट लागते.

काचेची घट्ट झाकणाची बरणीही चालते. फक्त ती अंधारात ठेवा, कारण उन्हाने रॅपरचा रंग उडतो. फ्रिज मात्र नको. तो आतली हवा कोरडी करतो आणि त्यात शिजलेल्या-चिरलेल्या सगळ्यांचे वास फिरत असतात.

लाकडी पेटी

महिनाभर डबा नीट चालला, आकडा दोन टक्क्यांच्या आत स्थिर राहिला, की पेटीला हात घाला.

लाकडाची निवड ही इथली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि नावांमुळे तिथेच गोंधळ होतो. सिगारच्या पेट्यांना आतून जे लाकूड लावतात त्याला स्पॅनिश सिडार म्हणतात. ते ना स्पेनचं, ना सिडार. सेड्रेला ओडोराटा हे त्याचं शास्त्रीय नाव. झाड मध्य व दक्षिण अमेरिकेतलं आणि कॅरिबियन बेटांवरचं, कूळ महोगनीचं. आपल्याकडे सिडार म्हटलं की देवदार डोळ्यासमोर येतो. देवदार किंवा कपाटात कपड्यांसाठी वापरतात तो लाल सुवासिक सिडार इथे अजिबात चालणार नाही. त्यांचा उग्र वास आणि तेलं दोन आठवड्यांत सिगारमध्ये उतरतात, आणि मग त्यातून पेन्सिलच्या भुशासारखी चव येते. पाईन तर राळेमुळे आणखी वाईट. स्पॅनिश सिडार ओलावा चटकन पितो आणि सोडतो, सहसा वाकत नाही, आणि त्याचा वास तंबाखूला साजेसा असतो.

हे झाड जंगलातून खूप तोडलं गेलं आहे. अमेरिका खंडातलं सेड्रेला २०२०पासून साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागतात. म्हणून माझा सल्ला असा: सिगारच्या रिकाम्या लाकडी पेट्या मिळवा आणि त्यांच्या फळ्या सुट्या करून अस्तराला वापरा. आतल्या पेटीला लागतं तेवढं लाकूड चार-पाच पेट्यांतून निघतं, ते वाळलेलं असतं आणि तंबाखूत मुरलेलंही असतं. ते नाहीच मिळालं तर महोगनी चालतं. सुगंध कमी, वागणूक चांगली.

खाली दिलेली पेटी साधारण चाळीस मध्यम सिगारची आहे. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. पन्नास जाडीची रोबुस्टो (आखूड, जाड प्रकारची सिगार) म्हणजे वीस मिलिमीटरच्या जवळपास, आणि लांबी १२७ मिलिमीटर. अस्तराच्या आतलं माप २४ × २० × १० सेंटिमीटर ठेवलं की अशा सिगार आरामात बसतात, शेजारी पाकिटांना जागा उरते आणि गरज पडली तर १७८ मिलिमीटरची, चर्चिल नावाची लांब सिगारही आडवी मावते.

बाहेरचं खोकं १२ मिलिमीटर प्लायवुडचं. समोर आणि मागे २७.६ × ११.५ सेंटिमीटरच्या दोन फळ्या, बाजूंना २१.२ × ११.५च्या दोन, आणि वर-खाली २७.६ × २३.६च्या दोन. हे सहाही तुकडे एकत्र चिकटवून पूर्ण बंद खोकं करा आणि झाकण नंतर करवतीने कापून काढा. झाकण आणि तळ वेगवेगळे करून जुळवायला गेलात तर अर्धा मिलिमीटरचा फरक राहतोच, आणि पेटीचा जीव त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये असतो. लाकडाचा साधा पांढरा गोंद वापरा, गुण्या लावून कोपरे तपासा, क्लॅम्प लावून रात्रभर सोडा. खिळे वापरणार असाल तर वरून तीन ते पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात एकही नको, तिथून करवत जाणार आहे.

गोंद वाळल्यावर वरच्या कडेपासून चार सेंटिमीटरवर पेन्सिलने चारही बाजूंना रेघ मारा. एकेक बाजू कापा. तीन बाजू झाल्या की कापलेल्या फटींत करवतीच्या जाडीचे पुठ्ठे सरकवून वरून चिकटपट्टी लावा, मग चौथी कापा. नाहीतर शेवटी झाकण खाली बसतं, पातं अडकतं आणि कड फाटते.

आता कडा सपाट करायच्या, आणि इथे घाई करू नका. काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा सँडपेपर चिकटवा. तळाच्या कडेवर पेन्सिलने आडव्या रेघा मारत जा, सगळीकडे. पेटी उलटी करून सँडपेपरवर हलक्या हाताने गोल फिरवा. पाच-सहा फेऱ्यांनी उचलून पाहा: जिथल्या रेघा पुसल्या तो भाग उंच होता, जिथे तशाच आहेत तो खोल आहे. सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या जाईपर्यंत फिरवत राहा, मग २२० नंबरच्या कागदावर तेच. झाकणालाही असंच. दोन्ही एकमेकांवर ठेवून सरकवलं की काचेवर काच सरकल्यासारखं वाटलं पाहिजे.

प्लायवुडच्या आतल्या बाजूला चपडा लाखेचं पातळ पॉलिश दोनदा द्या. ते वाफ अडवतं आणि प्लायवुडमधल्या गोंदाचा वासही रोखतं. स्पिरिट उडून गेलं की त्याला स्वतःचा वास उरत नाही. बाहेरून हवं ते पॉलिश करा, पण अस्तराला कधीच काही लावू नका. नंतर आठवडाभर, वास पूर्ण जाईपर्यंत, पेटी उघडी ठेवा.

अस्तर सहा मिलिमीटर जाडीचं. तळाची फळी २५.२ × २१.२, पण रेषांच्या आडव्या दिशेने दोन मिलिमीटर कमी कापा. लाकूड ओलावा प्यायल्यावर त्याच दिशेने फुगतं. त्यावर उभ्या भिंती: लांब बाजूंच्या दोन २५.२ लांब, आखूड बाजूंच्या दोन २० लांब, म्हणजे आखूड पट्ट्या लांब पट्ट्यांच्या मधे ताठ बसून त्यांना दाबून धरतात. यांना गोंद लावायचा नाही. उंची ८.४ सेंटिमीटर. तळाच्या कडेपासून त्या सहा मिलिमीटर वर डोकावल्या पाहिजेत. झाकणाच्या आतही असंच अस्तर, पण तिथल्या भिंती दीड सेंटिमीटर उंच, म्हणजे झाकणाच्या कडेपासून सात मिलिमीटर आत राहतील. माझी मापं कागदावरची आहेत. घासताना एखादा मिलिमीटर गेला असेल, तेव्हा प्रत्येक पट्टी प्रत्यक्ष पेटीवर मोजून कापा. झाकणाच्या अस्तराला मधोमध गोंदाचे दोन-तीन ठिपके पुरतात.

वर डोकावणारी ही सहा मिलिमीटरची कड झाकणाच्या आत शिरते आणि हवेची वाट वळणाची करते. त्यामुळे पहिल्या पेटीला बिजागरी लावूच नका. झाकण नुसतं उचलून ठेवायचं. बिजागरीच्या पानांना दोन्हीकडे अचूक खाच केली नाही तर मागे केसाएवढी फट राहते, आणि महिनाभराची मेहनत तिथून निघून जाते. झाकण सहज बसावं म्हणून डोकावणाऱ्या कडेची बाहेरची धार सँडपेपरने जराशी मोडा.

झाकण पाच सेंटिमीटरवरून सोडून पाहा. नीट झालेल्या पेटीत ते आदळत नाही. आतली हवा त्याला धरते आणि ते हुश्श करत बसतं. मग खोली अंधारी करून आत पेटता टॉर्च ठेवा आणि चारही बाजूंनी कड पाहा. कुठे उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा काच आणि सँडपेपर.

पेटी मुरवणं

लाकडाला आता ते वीस-पंचवीस ग्रॅम पाणी द्यायचं आहे, हळूहळू. ओल्या फडक्याने आतून पुसायचा सल्ला अनेकजण देतात. मी देणार नाही. वरचा थर एकदम भिजून फुगतो, आतला कोरडाच राहतो, आणि पातळ पट्ट्या वाकतात.

नवा स्पंज डिस्टिल्ड पाण्यात भिजवून एका बशीत ठेवा, बशीखाली प्लास्टिकचा तुकडा टाका, झाकण लावा. नळाचं किंवा बाटलीतलं पिण्याचं पाणी नको. त्यातले क्षार स्पंजात साठतात, आणि माझ्या पहिल्या पेटीचं काय झालं ते वर सांगितलं आहेच. स्पंजाऐवजी मुरवण्यासाठीची ८४ टक्क्यांची पाकिटं मिळाली तर आणखी चांगलं. ती चौदा दिवस ठेवायची.

झालं कधी समजायचं? स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा. पेटी रिकामी असतानाचं वजन मुरवण्याआधी लिहून ठेवा. मग दर दोन दिवसांनी बशी बाहेर काढून फक्त पेटी तोला. सुरुवातीला वजन दिवसाला काही ग्रॅमने चढतं, मग चढ मंदावतो. सलग दोन वेळा वजन तेच आलं की लाकडाची तहान भागली. हायग्रोमीटरच्या आकड्यावर या दिवसांत विश्वास ठेवू नका. स्पंज शेजारी असताना हवा पहिल्या तासातच ७५ दाखवते, लाकूड मात्र अजून कोरडंच असतं. बहुतेक पेट्यांना आठवडा ते दोन आठवडे लागतात.

मग स्पंज काढून ६९ची दोन पाकिटं ठेवा आणि तीन दिवस रिकामी पेटी पाहा. आकडा ६६ ते ७० दरम्यान थांबला की सिगार आत. लाकडी पेटी डब्याइतकी घट्ट कधीच नसते, म्हणून इथे ६५ऐवजी ६९. पाकिटांऐवजी स्पंज किंवा हिरव्या फोमचा ह्युमिडिफायर वापरायचा असेल, तर प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात घाला. हे मिश्रण ७०च्या आसपास थांबतं आणि बुरशीला रोखतं. पुढे भरताना नुसतं डिस्टिल्ड पाणी, कारण ग्लायकॉल उडत नाही, पाणीच उडतं. ओलावा धरायला सिलिकाचे मणी वापरत असाल तर त्यांच्यावर मात्र ग्लायकॉल टाकू नका, त्यांची छिद्रं बुजतात.

सिगार आत गेल्यावर

पेटी तीन चतुर्थांशाहून जास्त भरू नका. महिन्यातून एकदा खालच्या सिगार वर आणि वरच्या खाली करा. सेलोफेन ठेवायचं की काढायचं ही आवडीची बाब आहे. मी ठेवतो, हाताळताना रॅपर वाचतो. व्हॅनिला, कॉफी अशा वासाच्या सिगारना मात्र वेगळा डबा द्या, त्या सगळ्या पेटीला आपला वास लावतात.

कुठून आल्या, कशा ठेवल्या होत्या हे माहीत नसलेल्या सिगार थेट आत टाकू नका. तंबाखूचा भुंगा, लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने, दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी किडा आहे. अंडी पानातच असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि २४ अंशांच्या वर दिवस गेले की उबतात. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक आणि तळाशी बारीक भुसा दिसला की समजा. उपाय थंडीचा: सिगार दोन झिप पिशव्यांत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, मग उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये तीन ते पाच दिवस, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, आणि मग पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला. एकदम बाहेर काढलं तर रॅपर तडकतो.

पांढरी भुकटी दिसली तर घाबरण्याआधी नीट पाहा. लव उभी, केसाळ, ठिपक्याठिपक्यांची असेल तर ती बुरशी. फक्त रॅपरवर असेल तर पेटीबाहेर पुसून, ती सिगार काही दिवस वेगळी ठेवून पाहता येतं. पेटवायच्या तोंडातून, आतल्या पानांत दिसली तर टाकून द्या, आणि पेटी रिकामी करून, उघडी वाळवून, पुन्हा मुरवा.

पूर्ण वाळलेली सिगार आणली असेल तर तिला लगेच ६९मध्ये ठेवू नका. रॅपर आतल्या पानांआधी पाणी पितो, आत-बाहेर वेगवेगळं फुगून फाटतो. ६२च्या पाकिटासोबत वेगळ्या डब्यात दोन-तीन आठवडे ठेवा, मग ६५, मग पेटीत.

घरात लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असेल तर पेटी कुलपाच्या कपाटात. निकोटीन विष आहे, आणि चघळलेली एक सिगारसुद्धा त्यांना गंभीर आजारी पाडू शकते.

आकडा सरकायला लागला की पाणी घालण्याआधी या क्रमाने पाहा: पेटीची जागा तापते का, पाकीट कडक झालं का, टॉर्च लावला तर कड उजेड सोडते का, आणि हायग्रोमीटर मिठाच्या परीक्षेत अजून पास होतो का. माझ्या सध्याच्या पेटीत मागच्या वेळी आकडा ६१वर गेला होता. मीठ काढलं, एक रात्र थांबलो. यंत्र सहा टक्के कमी दाखवत होतं. पेटी ६७वरच होती.